हातचं राखून

श्री. महेला जयवर्धने,
मुख्य प्रशिक्षक, मुंबई इंडियन्स, यांस



४ एप्रिल २०२५ च्या रात्री लखनौच्या एकाना स्टेडियमवर मुंबईला सात बॉलांत २४ धावा हव्या होत्या, आणि तुम्ही तिलक वर्माला परत बोलावलंत. २३ बॉलांत २५ धावा. बाद झाला नव्हता, दुखापतही नव्हती, रिटायर्ड आउट. त्याच्या जागी मिचेल सॅन्टनर गेला, त्याने दोन धावा काढल्या आणि शेवटच्या ओव्हरला २२ उरल्या. आवेश खानच्या पहिल्याच बॉलवर हार्दिक पंड्याने सिक्स मारला. मग दोन धावा आल्या. मग एक धाव सहज निघत होती, ती हार्दिकने नाकारली. सॅन्टनर पलीकडच्या टोकाला उभाच. मॅच १२ धावांनी गेली, तेव्हा पाच विकेट शिल्लक होत्या.

मॅचनंतर तुम्ही पत्रकारांसमोर येऊन निर्णय स्वतःचा असल्याचं सांगितलंत. हार्दिकवर ढकललं नाहीत, तिलकवर तर नाहीच. हे आवडलं, आणि म्हणूनच हे पत्र कप्तानाला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

मी धावड्याचा. जालना जिल्हा, भोकरदन तालुका. अजिंठ्याच्या डोंगराजवळचं मिरचीचं गाव. आयपीएलचे दिवस म्हणजे आमच्याकडे मिरची लावायचे दिवस. दिवसभर ठिबकच्या नळ्या ओढायच्या, मल्चिंगचा कागद अंथरायचा, आणि रात्री जेवणं उरकली की मोबाइलवर मॅच. वानखेडे इथून चारशेहून जास्त किलोमीटर लांब आहे, तिथं प्रत्यक्ष जाऊन आलेले फार थोडे. तरी पोरांच्या अंगात निळी जर्सी. पत्र मराठीत आहे त्याची काळजी करू नका. तुमच्या डगआउटमध्ये रोहित शर्मा आणि सूर्यकुमार यादव बसतात, दोघांपैकी कोणीही वाचून दाखवील. मध्येच रोहित पदरचे दोन शब्द घालेल, तेवढे सोडून द्या.

तिलकला बाहेर काढलं म्हणून लोकांनी तुम्हाला नावं ठेवली. माझी तक्रार उलटी आहे. काढलंत ते फार उशिरा.

सूर्या ६७ वर बाद झाला तेव्हा सतरावी ओव्हर नुकती सुरू झाली होती आणि पन्नासच्या वर धावा हव्या होत्या. तिलकचे फटके बसत नाहीत हे तोवर घरी बसलेल्या माणसालाही कळलं होतं. सॅन्टनरला, किंवा दुसऱ्या कोणालाही, तेव्हा पाठवलं असतं तर त्याच्या वाट्याला दहा-बारा बॉल तरी आले असते. दोन चुकले तरी तिसरा मारता आला असता. सात बॉल उरल्यावर आत जाणाऱ्याला चुकायलाच जागा नसते. एकोणिसाव्या ओव्हरमध्ये आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने मुंबईला जखडून टाकलं, त्या पूर्ण ओव्हरमध्ये सात धावा दिल्या. डगआउटमधून इशारा झाला तो या ओव्हरचा एकच बॉल उरल्यावर. बघणाऱ्याला वाटलं, काय धाडसी निर्णय! मला तसं वाटत नाही. सावधपणाचे सगळे रस्ते बंद झाले, उरला तो एकच होता, त्याच्यावरून तुम्ही चाललात.

आणि पुढचं तर कोडंच आहे. तिलकपेक्षा मोठे फटके मारेल म्हणून ज्याला आत पाठवलं, त्याला शेवटच्या ओव्हरमध्ये स्ट्राइक द्यायची नाही! मग पाठवलं कशाला? पलीकडे नुसतं उभं राहायला तिलक होताच की. बाहेर बसून तुम्ही एक ठरवलंत आणि आत हार्दिकने दुसरंच. सॅन्टनरवर भरवसा होता की नव्हता, हे त्या दहा मिनिटांत मुंबईच्या संघाला ठरवता आलं नाही.

तिलकचं म्हणाल तर त्या पोराने मनाला लावून घेतलं नाही. तीन दिवसांनी बंगळुरूविरुद्ध २९ बॉलांत ५६ मारल्या. सप्टेंबरमध्ये दुबईला आशिया चषकाच्या फायनलमध्ये पाकिस्तानविरुद्ध १४७ चा पाठलाग करताना भारत ३ बाद २० असा अडकला होता, तेव्हा ५३ बॉलांत नाबाद ६९ करून त्यानेच मॅच काढली. त्याला बाहेर बोलावण्यात अपमान नव्हता. सोळाव्या ओव्हरला बोलावलं असतं तर अपमान अजून कमी वाटला असता, कारण तो डावाच्या आखणीचा भाग दिसला असता.

आता मला जो खरा प्रश्न पडतो तो सांगतो. तुमच्यासारखा माणूस, ज्याने कसोटीत ३७४ धावांची खेळी केली आहे, ज्याला क्रिकेटचं कुठलंच गणित कोणी शिकवायला नको, तो निर्णय लांबणीवर का टाकतो? माझं उत्तर असं की, ठरलेल्या रीतीने हरलं तर जाब विचारायला कोणी येत नाही. सेट झालेला बॅटर ठेवला, जसप्रीत बुमराहची ओव्हर शेवटासाठी राखली आणि हरलो, तर लोक म्हणतात नशीब नव्हतं. रीत मोडून हरलो तर म्हणतात प्रशिक्षकाने घालवली. हार सारखीच, पण दुसऱ्या हारेवर तुमचं नाव लिहिलं जातं. म्हणून प्रत्येक जण मॅच शेवटपर्यंत नेतो. शेवटच्या ओव्हरपर्यंत नेली की मग दोष त्या ओव्हरवाल्याचा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या संघाला मॅनेजर असतो, म्हणजे आपल्याकडचा प्रशिक्षक आणि कप्तान एकाच माणसात. तिथे शेवटच्या इनिंगसाठी एक खास बॉल टाकणारा राखून ठेवतात, त्याला क्लोजर म्हणतात. आपला संघ थोड्या फरकाने पुढे असताना त्याने सामना सांभाळून संपवला की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. १९६९ पासून हा आकडा तिथल्या अधिकृत नोंदीत आहे, आणि आकडा आला तसा खेळ त्या आकड्यासाठी खेळला जाऊ लागला. आघाडी असेल तरच क्लोजर, नसेल तर तो बाकावर.

४ ऑक्टोबर २०१६ ला टोरांटोमध्ये बाद पद्धतीचा एकच सामना होता. जो हरेल त्याचा मोसम संपला. बाल्टिमोर ओरिओल्सचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांच्याकडे झॅक ब्रिटन होता. त्या मोसमात त्याला सामना राखायची संधी ४७ वेळा मिळाली आणि ४७ ही वेळा त्याने राखला. नऊ इनिंगमागे सरासरी अर्धी धाव देणारा माणूस. सामना २-२ असा बरोबरीत लांबत गेला, नऊ इनिंग संपल्या, दहावी संपली. दर वेळी शोवॉल्टर दुसऱ्याच कोणाला तरी पाठवत राहिले, कारण ब्रिटन आघाडी राखायला हवा होता आणि आघाडी अजून मिळायची होती. अकराव्या इनिंगमध्ये उबाल्डो हिमेनेझ आला. दोन फटके बसले आणि तिसरा एडविन एनकार्नासिओनचा, थेट प्रेक्षकांत. तीन धावा, ५-२, मोसम खलास. ब्रिटनने त्या सामन्यात एकही बॉल टाकला नाही. तेव्हापासून बेसबॉलवाल्यांत शोवॉल्टर यांचं नाव निघालं की हा सामना निघतोच, आणि हे गृहस्थ तिथले नाणावलेले मॅनेजर होते हे लक्षात घ्या.

त्याच महिन्यात क्लीव्हलंडच्या टेरी फ्रँकोना यांनी काय केलं? त्यांचा सगळ्यात भारी माणूस अँड्र्यू मिलर. त्याला त्यांनी पाचव्या-सहाव्या इनिंगमध्येच मैदानात उतरवायला सुरुवात केली. सामना जिथे कलायला लागेल तिथे मिलर, घड्याळात कितीही वाजलेले असोत. मिलर अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीचा मानकरी ठरला आणि संघ वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. तो सातवा सामना ते हरले, आणि त्यात मिलरलाही मार पडला, हे लपवत नाही. धाडस केलं की जिंकतोच असं मला म्हणायचंच नाही.

आपल्याकडे 'सेव्ह'चा आकडा नाही, पण शेवटच्या ओव्हरसाठी 'डेथ ओव्हर' हा शब्द आहे आणि त्याने तेच काम केलं आहे. बुमराह म्हणजे डेथ ओव्हर, अशी गाठ डोक्यात बसली. तुम्ही परत येण्याआधीच्या मोसमातलं उदाहरण घ्या, म्हणजे तुमच्या अंगाला लागणार नाही. २७ मार्च २०२४, हैदराबाद. बुमराहला चौथी ओव्हर दिली, त्यात त्याने पाच धावा दिल्या. दुसरी ओव्हर त्याला मिळाली तेराव्यात. मधल्या काळात ट्रॅव्हिस हेड आणि अभिषेक शर्मा दोघंही अर्धशतकं ठोकून तंबूत जाऊन बसले होते. हैदराबादने ३ बाद २७७ केल्या, तोवरचा आयपीएलचा विक्रम. घराला आग लागलेली असताना पाण्याची टाकी उद्यासाठी झाकून ठेवणारा माणूस आमच्या गावात तरी मी पाहिला नाही.

तो मोसम सोडा, २९ जून २०२४ कडे या. इथे वाचणारा रोहित असेल तर त्याने लाजू नये. बार्बाडोसला विश्वचषकाची फायनल. अक्षर पटेलच्या पंधराव्या ओव्हरमध्ये हाइनरिक क्लासनच्या फटकेबाजीने २४ धावा निघाल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलांत ३० उरल्या, सहा विकेट हातात. बुमराहच्या दोन ओव्हर शिल्लक होत्या. पुस्तकात काय लिहिलंय? अठरावी आणि विसावी, फार तर सतरावी आणि एकोणिसावी. रोहितने त्याला सोळावी दिली. चार धावा. हार्दिकने सतराव्याच्या पहिल्याच बॉलवर क्लासनला घालवलं, आणि अठरावी पुन्हा बुमराहला. दोन धावा आणि यान्सनचा त्रिफळा. म्हणजे १२ बॉल राहिले असताना भारताचा सगळ्यात भारी बॉलर संपलेला होता. हे करायला छाती लागते. एकोणिसावी अर्शदीप सिंगने चार धावांत काढली, विसावीच्या पहिल्या बॉलवर सूर्याने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला, आणि सात धावांनी विश्वचषक आला.

लोकांना सूर्याचा झेल आठवतो. मला सोळावी ओव्हर आठवते. समजा रोहितने ती दुसऱ्याला दिली असती आणि क्लासनने त्यात अजून पंधरा काढल्या असत्या, तर २४ बॉलांत १५ उरल्या असत्या. मग बुमराहची विसावी ओव्हर राखून काय करायचं होतं? ती टाकायची वेळच आली नसती. आणि शेवटच्या दोन ओव्हर अर्शदीप-हार्दिकने टाकताना आफ्रिकेने धुऊन काढलं असतं, तर दुसऱ्या दिवशी देशभर एकच बोंब झाली असती की बुमराह आधीच का संपवला. रोहितला हे माहीत होतं. तरीही.

आमच्याकडे हिरवी मिरची तोडून आणल्यावर भाव वाढेल म्हणून कोणी थांबत नाही. रात्रीच्या काट्यावर जी गेली ती गेली. सकाळपर्यंत घरात पोत्यात राहिली की तिचा तजेला जातो, आणि तिसऱ्या दिवशी तिला व्यापारी हात लावत नाही. बुमराहची ओव्हर तशी आहे. गोदामात ठेवायचा हा मालच नाही.

खेड्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांतही हेच चालतं, त्यामुळे फक्त तुम्हाला बोल लावणं बरोबर नाही. आठ-आठ ओव्हरच्या मॅच, एका बॉलरला दोन ओव्हर. प्रत्येक कप्तानाचा एक 'मेन बॉलर' असतो आणि त्याची दुसरी ओव्हर शेवटची म्हणजे शेवटचीच, ब्रह्मदेव आला तरी बदलायची नाही. सहाव्या ओव्हरला समोरचा पोरगा उसाच्या फडात बॉल फेकत असतो, मेन बॉलर लाँगऑनला उभा राहून बघत असतो. शेवटच्या ओव्हरला तो येतो तेव्हा तीन धावा हव्या असतात. त्या तीन धावा तो चार बॉल झुलवतो, मग लोक म्हणतात, बघा, कसला बॉलर आहे! कप्तानही खूश. हरलेली मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत नेली म्हणून त्याला कोणी बोलत नाही. एकदा मी एका कप्तानाला विचारलं की तू त्याला सहावी का नाही दिलीस, तर तो म्हणाला, मग शेवटची कोणी टाकायची? या प्रश्नाला बार्बाडोसला उत्तर मिळालं: अर्शदीपने आणि हार्दिकने.

बॅटिंगमधला सावधपणा आणखी वाईट, कारण तो समजूतदारपणाचा सदरा घालून येतो. ३० जून २०१९, एजबॅस्टन. इंग्लंडच्या ३३७ चा पाठलाग. हार्दिक बाद झाला तेव्हा ३१ बॉलांत ७१ हव्या होत्या. क्रीझवर महेंद्रसिंग धोनी आणि आपला पुण्याचा केदार जाधव. दोघांनी ३१ बॉलांत ३९ केल्या, एक-एक, दोन-दोन असं करत. समालोचन करणाऱ्या सौरव गांगुलीलाही उलगडा होईना की हे चाललंय काय. भारत ३१ धावांनी हरला, पाच विकेट तशाच. केदार बिचारा १३ बॉलांत १२ करून नाबाद. पुढच्या वर्षी चेन्नईकडून कोलकात्याविरुद्ध त्याने १२ बॉलांत नाबाद ७ केल्या, चेन्नई १० धावांनी हरली, पुन्हा पाच विकेट हातात. लोकांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. पण अशा वेळी त्याला वर पाठवायचं की रवींद्र जडेजा, ड्वेन ब्राव्हो यांना, हे ठरवणारे बाहेर बसलेले असतात, आणि त्यांची नावं कोणी घेत नाही.

हा रोग तुमच्या समोरच्या संघालाही झालेला तुम्ही पाहिला आहे, आणि त्याने तुम्हाला पहिला चषक मिळाला. २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबईने १२९ केल्या होत्या, फायनलसाठी म्हणजे काहीच नाही. पुण्याचा संघ १२८ वर थांबला. सहा विकेट गेल्या होत्या, चार तशाच. स्टीव्ह स्मिथच्या ५० बॉलांत ५१ धावा. विकेट जपत, मॅच शेवटपर्यंत नेत ते अकरा धावांपर्यंत आले, आणि मिचेल जॉन्सनने शेवटच्या ओव्हरला त्यातल्या नऊच दिल्या. तेव्हा तुम्ही प्रशिक्षक म्हणून पहिल्याच मोसमात होता. शिल्लक राहिलेल्या चार विकेट घेऊन पुणेकर कुठे गेले, हे तुम्ही जवळून बघितलंय.

कोणी म्हणेल, मुंबईची परंपराच खडूस आहे, विकेट फेकायची नाही ही वानखेडेची शिकवण. त्या माणसाला मी १९९१ ची रणजी फायनल बघायला सांगतो. हरियाणाच्या ५२२ ला मुंबईचं उत्तर ४१०. म्हणजे सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावाच्या आघाडीवर चषक कपिल देव यांच्या हरियाणाचा. शेवटच्या दिवशी ३५५ हव्या होत्या आणि मुंबई ३ बाद ३४. सचिन तेंडुलकरने ७५ बॉलांत ९६ केल्या. दिलीप वेंगसरकर नाबाद १३९. नववी विकेट पडली तेव्हा पन्नास उरल्या होत्या. शेवटचा गडी ॲबी कुरुविलाला घेऊन वेंगसरकरने त्यातल्या ४७ काढल्या, आणि कुरुविला रनआउट झाला. दोन धावांनी हार, वेंगसरकरच्या डोळ्यांत पाणी. हे वाचताना मला नेहमी वाटतं की ड्रॉने चषक मिळणार असता तर त्या दिवशी ३ बाद ३४ वरून कोणी ३५२ पर्यंत गेलं असतं का? सगळे बॉल अडवत बसले असते. मागच्या दाराला कुलूप लावलेलं होतं म्हणून पुढच्या दाराला धडक दिली. खडूसपणा आणि भित्रेपणा यांत गल्लत करणारे समालोचक आहेत बरेच, आपण नको.

आता तुमच्यावर येतो, कारण मला तुमच्याकडून हे सगळं अपेक्षित आहे ते काही उगाच नाही. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाच्या फायनलमध्ये तुम्ही नाबाद १०३ केल्या होत्या, इथे आजही तुमचं नाव त्या खेळीने ओळखतात. आणि त्याच रात्री तुमच्या डोळ्यांसमोर धोनी युवराज सिंगच्या आधी बॅट घेऊन उतरला. स्पर्धेत युवराज फॉर्मात, धोनी अजिबात नाही. हरला असता तर त्या एका बदलावरून देशाने त्याला जन्मभर छळलं असतं. ३ बाद ११४ अशी स्थिती होती, म्हणजे वेळेवर उतरला, तिसरी विकेट पडताच. सात बॉल राहण्याची वाट त्याने पाहिली नाही. नाबाद ९१. तुम्ही ते मैदानात उभं राहून बघितलं. त्याहून चांगला धडा कोणाला मिळाला?

आणि १२ मे २०१९. चेन्नईविरुद्ध फायनल, शेवटच्या ओव्हरला नऊ हव्या. लसिथ मलिंगाने आधीच्या तीन ओव्हरमध्ये चाळीसहून जास्त धावा दिल्या होत्या, त्यातल्या सोळाव्यात तर वीस. शहाणा माणूस हार्दिककडे बॉल देईल. रोहितने मलिंगाला दिला, आणि प्रशिक्षकाच्या खुर्चीत तुम्ही होता. मलिंगाने सात दिल्या, शेवटच्या बॉलवर शार्दूल पायचीत, चषक एका धावेने मुंबईचा.

म्हणजे ही छाती तुमच्या डगआउटमध्ये आहे. २०२५ च्या मोसमातही दिसली. ३० मे २०२५, मुल्लानपूर, गुजरातविरुद्ध एलिमिनेटर. मुंबईच्या २२८ चा पाठलाग करताना साई सुदर्शन आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी ४४ बॉलांत ८४ जोडल्या होत्या, मॅच हातातून सुटत चालली होती. चौदावी ओव्हर बुमराहला दिली गेली. एक यॉर्कर, सुंदर स्वतःच जमिनीवर लोळला, स्टंप उडाला, आणि मॅच मुंबईकडे वळली ती वीस धावांनी संपेपर्यंत परत फिरली नाही. दोन दिवसांनी श्रेयस अय्यरने ४१ बॉलांत नाबाद ८७ करून तुम्हाला बाहेर काढलं, आणि बुमराहला त्या दिवशी ४० धावांत एकही विकेट मिळाली नाही. असू दे. त्या हारेबद्दल माझं एक अक्षर म्हणणं नाही. समोरचा चांगला खेळला.

म्हणून मागणं छोटं आहे. आयपीएलमध्ये बॅटिंग करणाऱ्या संघाला तेरा ते सोळा ओव्हरच्या दरम्यान अडीच मिनिटांचा टाइमआउट मिळतो. टीव्हीवाले तेवढ्यात पानमसाल्याच्या जाहिराती दाखवतात, त्यामुळे तुम्ही तिथे काय बोलता ते आम्हाला दिसत नाही. ज्याला बदलायचं त्याला त्या अडीच मिनिटांत बदला. कोणाला वर पाठवायचं, कोणाला परत बोलवायचं, स्ट्राइक कोणाकडे राहील, हे सगळं तिथे मैदानातल्या दोघांना सांगून या. विसाव्या ओव्हरमध्ये आत एक विचार आणि बाहेर दुसरा, असं पुन्हा होऊ देऊ नका. आणि बॉलिंग असेल तेव्हा बुमराहची तिसरी ओव्हर कितवी, हे आधी वहीत लिहून ठेवू नका. मॅच तुम्हाला सांगेल. हरलात तर आम्ही बोलू, शिव्याही देऊ, तेवढा हक्क तिकीट न काढताही आम्हाला आहे. पण चार विकेट आणि दोन ओव्हर खिशात घेऊन हरलात तर जास्त बोलू.

एक गोष्ट मात्र खरोखर विचारायची आहे, आणि तिचं उत्तर हवंच आहे. मुल्लानपूरला चौदाव्या ओव्हरला बुमराहला आणायचं सुचलं कोणाला? तुम्ही बाहेरून सांगितलंत, हार्दिकने ठरवलं, की बुमराहनेच जाऊन बॉल मागितला? आमच्याकडे पारावर तीन गट पडलेत आणि वडापावची पैज लागली आहे. माझा गट बुमराहचा.

आपला,
धावड्याचा एक मुंबईवाला